सात फुटांचं पार्टिशन

"काका, गाठ पॅनक्रियाजमध्ये आहे. आणि लिव्हरपर्यंत गेलीय."

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली होती. पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड. गाठ कॅन्सरची होती आणि यकृतात पसरली होती, त्याला ते मेटास्टॅसिस म्हणाले. "ऑपरेशनचा उपयोग नाही. चार-सहा महिने धरून चला."

माझी बायको शुभदा बाहेर बसली होती. मीच तिला बाहेर पाठवलं होतं. आपल्याकडे असंच करतात. पेशंटला बाहेर बसवायचं, आपण आत ऐकायचं, आणि हसऱ्या तोंडाने बाहेर यायचं. मीही आलो. म्हटलं, "साधी गाठ आहे गं. औषधाने विरघळेल."

"बरं," ती म्हणाली. "मिरकरवाडा बंदरावरून जाऊ या. बांगडे मिळतील."

तिने सगळं ऐकलं होतं, हे मला चार महिन्यांनी कळलं. असलं दुखणं ज्यांच्या घरी येईल त्यांच्यासाठी हे लिहितोय. नाहीतर स्वतःची अक्कल चव्हाट्यावर मांडायची मला हौस नाही.

मी रत्नागिरीत फर्निचरची कामं घेतो. तो दवाखाना मीच केलेला. दहा बाय अठराचा गाळा, मध्ये पार्टिशन, पुढे पेशंटचा बाक, मागे डॉक्टरांची केबिन. डॉक्टर म्हणत होते, पार्टिशन छतापर्यंत न्या. मी शहाणा! म्हटलं, सात फुटांवर थांबवू, वरून हवा खेळेल, एका एसीत दोन्ही खोल्या गार. लाकडी सांगाडा, दोन्ही बाजूंना पातळ प्लाय, आत पोकळ. बाकाची पाठ त्यालाच टेकवली, जागा वाचली म्हणून. त्या बाकावर मी स्वतः मात्र कधी बसलो नव्हतो. कामाचा माणूस, सरळ केबिनमध्ये जायचो.

शुभदाच्या दुखण्याची सुरुवात अंगाच्या खाजेने झाली होती. मग डोळे पिवळे. कावीळ म्हणून पंधरा दिवस आम्ही झाडपाल्याचं औषध घेतलं. ते पंधरा दिवस फुकट गेले. तुम्ही घालवू नका, आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा. पुढे कोल्हापूरला स्टेंट घातला. स्टेंट म्हणजे पित्ताची तुंबलेली वाट मोकळी करणारी बारीक नळी. कावीळ उतरली आणि मी लगेच म्हटलं, "बघ, म्हटलं नव्हतं?"

"हो ना," ती म्हणायची.

एवढ्या साध्या गाठीसाठी कोल्हापूरच्या खेपा कशाला, हे तिने एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, भोळी आहे बिचारी. पुण्याच्या मुलीलाही मी फोनवर दम देऊन ठेवला होता, आईपुढे रडायचं नाही. शुभदा देवरूखला बहिणीकडे आठ दिवस राहून आली. दोन चांगल्या साड्या तिकडेच देऊन आली. "ब्लाउज घट्ट होतात," म्हणाली. अंगावर मांस उरलं नव्हतं, आणि म्हणे घट्ट! तेव्हाही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

चौथ्या महिन्यात दुखणं वाढलं. गोळ्यांची चिठ्ठी बदलून आणायला मी एकटाच दवाखान्यात गेलो. आत पेशंट होता, म्हणून बाकावर टेकलो. पाठीमागून डॉक्टरांचा आवाज आला. "शुगर तीनशेच्या वर आहे, आजोबा. पायाची जखम दाखवा." मग आजोबांचं कण्हणं, कागदाची चुरचुर, पेन टेबलावर ठेवल्याचा टक. सगळं कानात.

मी उठून उभा राहिलो. याच बाकावर ती बसली होती. लिव्हर, उपयोग नाही, चार-सहा महिने. शब्द न् शब्द तिच्यापर्यंत आला होता. आणि मी दात काढत बाहेर आलो होतो. चिठ्ठी न घेता घरी आलो.

ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "शुभदा, त्या दिवशी तुला बाहेर ऐकू आलं होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "आलं होतं हो. सगळं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं तोंड भरून हसत आलात. म्हटलं, ह्यांना माझ्यासमोर रडायचं नसेल. मग मी कशाला रडू?"

मी तिच्या पायाशी बसलो आणि ढसाढसा रडलो. तिने थोडा वेळ रडू दिलं. मग माझा हात धरला. तिची बोटं गार होती.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून वाटते."

त्यानंतर आम्ही खोटं बोललो नाही. ती भीतीबद्दल बोलली, मुलीबद्दल बोलली, माझ्यावर चिडली, एकदा तर खो खो हसलीही. दहाव्या दिवशी गेली.

डॉक्टरांनी पुढे मला वरची फट बंद करायला सांगितलं. मी केली. पण काम करताना बाकाकडे बघवत नव्हतं. ती तिथे पदर सावरून बसलीय आणि सगळं ऐकतेय, असंच वाटत होतं. अजून कुठल्याही दवाखान्याचं माप घ्यायला गेलो की बाहेरच्या बाकावर मला तीच दिसते.

दोष प्लायचा नव्हता. मी तिला बाहेर बसवलं, हा दोष. तुमच्या माणसाला आत घेऊन जा. एकत्र ऐका, एकत्र घाबरा. आम्हाला नऊ दिवस मिळाले. चार महिने मिळाले असते.