तानुबाईची विचारपूस

“वाट व्हती!”

“नव्हती! कोनं पाह्यली? कागद दाखव!”

तानुबाई मळ्यात मेथी खुडत होती आणि कुंपणापलीकडं तिचा दीर भगवंत अन् गावचा पाटील जानराव एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काही काढून टोपल्यात ठेवता येत नाहीत.

“कागद कायचा, पाटील? पायाखालच्या वाटेचा कोनी कागद करते का?”

“मंग चूप राह्य. पऱ्हाटी पेरली हाय तिथं. पाय टाकशीन तं तंगडं मोडीन.”

त्या सालात सगळ्यांचंच डोकं फिरलं होतं. दर्यापार कुठंतरी गोऱ्यागोऱ्यांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला, आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला की बोंडं फुटायच्या आधीच अमरावतीचे व्यापारी दारात. लोकांनी ज्वारीचं रान मोडलं, गुरांचं कुरण मोडलं, शेतांचे बांध-धुरे मोडले. जानरावानं तर माळ्यांच्या मळ्यातून बाळापूरच्या रस्त्याला लागणारी पांदणच वखरून टाकली. आता भाजी डोक्यावर घेऊन नदीकाठानं दीड कोसाचा वळसा. बाजार गाठेपर्यंत मेथी माना टाकायची, आणि माना टाकलेली मेथी शेळीसुद्धा नाक मुरडून खाते. वाट मिळाली नाही तर मळा सोडून दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायचं, हे भगवंतानं घरात बोलून दाखवलं होतं.

त्याच दिवसांत सरकारी मोजणी आली. अकोल्याच्या कचेरीतून केशवराव नावाचा कारकून आला. कोणाचा हक्क कशावर, वाटणी कशी होते, विधवेचा पाट कसा लावतात, वाटा कुठून जातात, अशा गावोगावच्या रीती विचारून त्याला बाडात लिहायच्या होत्या. माणूस मोठा अभ्यासू. पण त्यानं साऱ्या गावाला एकदमच चावडीत बसवलं, पाटलाला शेजारी घोंगडीवर घेतलं आणि विचारलं, “इथं पांदण होती काय?” साऱ्यांनी जानरावाच्या मिशीकडं पाहिलं अन् म्हणाले, “नव्हती जी.” केशवरावानं तसंच लिहिलं.

तो मारुतीच्या देवळात उतरला होता. संध्याकाळी तानुबाई तिथं वांगी द्यायला गेली, अन् टोपलं उतरवता उतरवता म्हणाली, “महाराज, तुमी ज्यायले इचारलं ते सारे याच गावात जलमले.”

“मग?”

“घरच्या मानसाले, आपून घरात कुठून आलो, हे कुठं ध्यानात राह्यते? जे बाहेरून आले त्यायले इचारा.”

“बाहेरून कोण आलंय इथं?”

“आता घ्या! गावातल्या साऱ्या बायका!”

केशवरावानं हातातलं वांगं खाली ठेवून बाड जवळ ओढलं. पण परक्या पुरुषानं घरोघरी जाऊन बायकांना विचारायचं कसं? ते काम तानुबाईच्या टोपल्याकडं आलं. तिला साऱ्या घरांची दारं उघडी, कारण एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात न्यायचं नाही, हा तिचा धंद्याचा नेम. नेलं असतं तर दुसऱ्या दिवशी उंबऱ्याबाहेरूनच भाजी मोजावी लागली असती.

वाट होती का, असं तिनं एकीलाही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “माय, नवरी होऊन आली तवा बंडीतून काय दिसलं?”

बैलगाडीत छातीपर्यंत पदर ओढून बसलेल्या पोरीला दिसणार काय? खालची जमीन! दुर्गाबाई म्हणाली, “पह्यले पांढरा खडक लागला. मंग बंडी डाव्या अंगाले अशी कलंडली का माह्या दोन बांगड्या फुटल्या. मंग ओली जमीन, मोटेचा आवाज.” पलीकडच्या आळीतल्या माणिकबाईनंही तेच सांगितलं, फक्त तिच्या बांगड्या शाबूत राहिल्या होत्या. अशा अकरा जणी झाल्या. कोणी चार वर्षांपूर्वी आलेली, कोणी चाळीस. आणि खडक, उतार, मोटेची विहीर या खुणा याच क्रमानं लागायच्या त्या फक्त वखरलेल्या पांदणीवर.

बारावी निघाली तानुबाईची सासू गंगूबाई. ती म्हणाली, “मी तं नदीच्या वाळूतून आली.”

केशवरावानं लेखणी थांबवली. “हे राहू दे. तुझीच सासू तुझ्याच विरुद्ध!”

“लिवा महाराज. तिचं माहेर नदीपल्याड, लगन उन्हाळ्यातलं, हे बी लिवा. पन तिचं गाळू नका. मले उद्या तिच्याच हातची भाकर खायची हाय.”

मोठ्या अधिकाऱ्यानं बाड वाचलं आणि त्या बाराव्या बाईवरच बोट ठेवलं. शिकवून आणलेल्या साक्षी असत्या तर ही कशाला ठेवली असती, म्हणाला. पण पाटलाच्या घरी कोणी विचारलं का, हेही त्यानं विचारलं.

तिथं जायला तानुबाई धजली नव्हती. आता गेली, केशवरावाला अंगणात उभं करून. जानराव ओसरीवरच होता. त्याची म्हातारी आई गोदाबाई उंबऱ्यात येऊन बसली आणि प्रश्न ऐकून म्हणाली, “मले कावून इचारता? माह्या जानरावले इचारा. वाट नव्हती म्हनून इतक्या ठसक्यात सांगून राहिला, मले वाटलं माह्या लग्नाले हाच बंडी हाकत व्हता!”

जानराव म्हणाला, “माय, चूप राह्य.”

“पन्नास वर्सं चूपच हावो बापा. आज कोनी इचारलं तं सांगू दे.” आणि तिनं खडकापासून ओल्या जमिनीपर्यंत सगळं सांगितलं.

पांदण नकाशावर आली. जानरावानं वाटेवरच्या दोन ओळींतली कापसाची पऱ्हाटी उपटली आणि वर्षभर तोंड फुगवून हिंडला. तानुबाई दर बाजाराच्या दिवशी पहिली जुडी गोदाबाईच्या ओट्यावर ठेवायची. “फुकटची भाजी नको मले,” म्हातारी ओरडायची, अन् जुडी उचलून आत न्यायची.

केशवराव पुढं बाळापूरच्या कचेरीत आला. तो तानुबाईला ‘तुम्ही’ म्हणू लागला आणि नव्या कारकुनांना बजावू लागला की तीन घरं वेगवेगळी विचारल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. बायकांच्या रीतीभातीचं काही अडलं की तिला निरोप जायचा. लिहिलेलं तो तिला वाचून दाखवायचा. तिला अक्षर येत नव्हतं. आपलं बोलणं कोणीतरी इतक्या निगुतीनं लिहितं, याचंच तिला भारी अप्रूप. घरी येऊन भगवंताला म्हणायची, “देवानं बरे लोक भेटवले रे बापा.”

आगगाडी अकोल्याला आली, कापसाचा भाव उतरला, त्या सालच्या दिवाळीआधी तानुबाई बाळापूरला गेली, ती तिची शेवटची खेप; त्याच हिवाळ्यात ती वारली. पाट लावून गेलेल्या बाईचं पोर कोणाच्या घरी वाढायचं, असा या वेळचा प्रश्न होता.

“दोघी म्हन्तात मायजवळ, तिसरी म्हन्ते बापाच्या घरी. तिघींचं बी लिवा.”

केशवरावानं लिहिलं, वाचून दाखवलं. तिनं एक चूक काढली, ती त्यानं सुधारली. मग म्हणाली, “सांबार घ्याचा का? सकाळचाच हाय.”

त्यानं कोथिंबिरीच्या त्या दोन जुड्या घेतल्या. तिनं चुंबळ डोक्यावर बसवली, टोपलं चढवलं आणि उरलेली वांगी विकायला बाजाराकडं निघाली.