न आलेले रोगी

आमच्या दवाखान्यातर्फे गावोगाव देवीची लस टोचणारे देवीवाले कुणाच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवत नसत. देवी टोचल्यावर आठव्या दिवशी ते त्याच गावात परत जात आणि टोचणी धरली का, म्हणजे दंडावर फोड उठला का, ते पाहत. पोराला पुन्हा सुई नको म्हणून आया दारातूनच सांगत, "उठली जी, मस्त उठली." हे ओट्यावर बैठक मारत. "उठली असन तर दाखवाले काय हरकत आहे? बाही वर कर बरं." दंड कोरडा दिसला की पुन्हा टोचत आणि आईच्या शिव्या खाऊन पुढच्या घरी जात. पन्नास-बावन्न साली मी मंगरूळपीरच्या दवाखान्यात नवा डॉक्टर म्हणून आलो, तेव्हा हा माणूस मला नुसता संशयखोर वाटला. "विश्वास ठेवला तर तुमचं काय जातं हो?" मी एकदा विचारलं. "माहं काईच नाही जात," ते म्हणाले, "पोरगं जाते."

तपासणी झाल्याशिवाय ते त्या घरी चहासुद्धा घेत नसत. "चहा पोटात गेला का डोये मऊ होतात," म्हणत. मी हसलो होतो.

त्याच सुमारास एका औषध कंपनीचा माणूस हगवणीवरची नवी गोळी घेऊन आला. रोग्यांना द्या, गुण काय येतो ते लिहून पाठवा. अहवाल चांगला आला तर दवाखान्याला मायक्रोस्कोप आणि छापील लेखात तुमचं नाव. मायक्रोस्कोप! मी हुरळलो, हे कबूल करतो. आमच्या रजिस्टरात एक जुनी रीत होती. रोगी परत आला नाही की त्याच्या नावापुढे 'बरा' लिहायचं. बरा झालेला माणूस कशाला पायपीट करील? त्या रीतीने माझे निम्मे रोगी घरबसल्या बरे झाले.

देवीवाल्यांनी रजिस्टर चाळलं. "आसेगावचे सारेच बरे?"

"आले नाहीत, म्हणजे बरेच की."

"बरा झालेला येत नाही, खरं आहे साहेब. पण ज्याले उठताच येत नाही, तो तरी कसा येईन?"

टोचणी पाहायला ते आसेगावला जाणारच होते. परत आले ते एक कागद घेऊन. कुणी उलट्यांनी बेजार होऊन गोळ्या उकिरड्यावर फेकल्या होत्या, कुणी अंथरुणालाच खिळलं होतं. एका म्हातारीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'वारली'. प्रत्येक नावाखाली घरच्यांचा अंगठा. माझं डोकंच फिरलं. "हे तुमचं काम नाही. तुम्ही देवी टोचा!"

ते जागचे हलले नाहीत. "तुमी तुमचा कागद पाठवा, मी माहा पाठवतो. वरचे साहेब दोन्ही वाचतीन."

"मायक्रोस्कोप जाईल!"

"जाऊ द्या. गावातली म्हातारी दिसली नाही, तर त्याच्यातून काय दिसन तुमाले?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी नवा अहवाल लिहिला, म्हातारीसकट, आणि सही केली. कंपनीने तो कुठे छापला नाही. गोळी मात्र दुकानात आलीच. नोकरी संपेपर्यंत मी ती कुणालाही लिहून दिली नाही, आणि कंपनीचा जो जो माणूस आला त्याला ती का देत नाही ते तोंडावर सांगितलं. रजिस्टरातला तो फुकटचा 'बरा' त्याच आठवड्यात बंद केला. 'आला नाही' एवढंच लिहायचं, असा हुकूम काढला. वरून विचारणा झाली, तरी मी तो मागे घेतला नाही.

त्या कागदापायी देवीवाल्यांची बदली झाली. दवाखान्याच्या कामात ढवळाढवळ, असं कारण कागदावर होतं. मी विरोधात पत्र लिहिलं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मोटार स्टँडवर त्यांना सोडायला गेलो, तेव्हा मला फार अपराधी वाटत होतं. ते मात्र ट्रंक टपावर चढवून निवांत खिडकीत बसले होते.

"साहेब, एक इचारू?" ते म्हणाले. "थे सही पटली म्हून केली, का माह्या कागदाच्या धाकानं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण त्या माणसापुढे जीभ वळेना. "धाकानं," मी म्हणालो.

ते खळखळून हसले. "मंग धाक ठेवत जा कोणाचा तरी."