मेंढीच्या दुधातल्या कण्या

खाण्याच्या बाबतीत मी कधी मागं सरले नाही. नातवंडांनी सणसवाडीच्या गाड्यावर नेऊन मोमो खायला घातले, ते खाऊन मी वर आणखी एक प्लेट मागितली. लग्नाच्या पंगतीत वाढपी मला ओळखून असतात. पण जन्मभर लक्षात राहिलेलं खाणं कोणतं असं कुणी विचारलं, तर मी एकच नाव घेते आणि ऐकणाऱ्याचं तोंड पडतं. ज्वारीच्या कण्या. मेंढीच्या दुधात शिजवलेल्या, चिमूटभर मिठाच्या. गूळ नाही, वेलदोडा नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. माहेर दौंडकडचं, भीमेच्या काठचं. बारा महिने पाणी, वांगी, गवार, दसऱ्याला झेंडू. दिलं निमोण्याला, जिथं मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसायचा. सासरी पाऊल टाकल्यापासून दिवसातून दहादा मी म्हणायचे, ‘आमच्याकडं असं नसतं.’ दहावी पास होते ना! मनगटावर घड्याळ बांधून शेण काढायचे. घड्याळ बंद होतं, पण ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही अशी माझी समजूत. आज ती पोरगी समोर आली तर आधी तिला एक चापट मारीन आणि मग पाटावर बसवून जेवायला वाढीन.

कारण त्या वर्षी तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. मला दिवस गेले आणि उलट्या लागल्या त्या थांबेचनात. बायकांना सकाळी होतं तसं नव्हे, दिवसभर. भाकरी तव्यावर पडली की इकडं मी परसात पळायची. लोक म्हणाले, डोहाळे पुरवा. मग काय, मला रानच मोकळं मिळालं. शिरूरच्या बेकरीतला पाव मागितला. सफरचंद मागितलं. माहेरच्या मळ्यातली कोवळी गवारच पाहिजे म्हणून हट्ट धरला. आमचे हे सायकल मारत सगळं आणायचे, मी दोन घास खायची आणि सगळं बाहेर. तिसरा महिना सरला तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

शिरूरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. सासूबाईंना बाजूला घेऊन ते म्हणाले की असंच चाललं तर मूल राहील असं सांगता येत नाही. हळू बोलले, पण मला ऐकू आलं. सासूबाई मुळातच कमी बोलायच्या. त्यांची स्वतःची पहिली दोन मुलं राहिली नव्हती. परतताना एसटीत त्या निमोणं येईपर्यंत माझं मनगट धरून बसल्या होत्या.

त्याच आठवड्यात आमच्या रानात मेंढरं बसायला आली. बाजरी निघालेल्या मोकळ्या रानात कळप रात्री बसवायचा, लेंड्यांचं खत पडतं, आणि जितक्या रात्री मेंढरं बसतील तितक्या दिवसांचं धान्य शेतकऱ्यानं मेंढपाळाच्या घरी द्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. मेंढपाळ नवराबायको, घोड्यावर लादलेला संसार, पाटीत कोंबड्या. बाईनं आमच्या घराजवळच्या बांधावर तीन दगड मांडले. मी पदर नाकाला लावून बाहेर आले आणि म्हणाले, ‘मावशी, तुमचं बिऱ्हाड जरा लांब न्या. आम्हाला वास सहन होत नाही.’ आम्हाला म्हणजे मला एकटीला. घरातल्या बाकी कुणाची काही तक्रार नव्हती. बाईनं माझ्याकडं बघितलं, तीन दगड उचलले आणि रानाच्या पार त्या टोकाला लिंबाखाली नेऊन मांडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर पडले होते. वारा तिकडून येत होता. धुराबरोबर कसला तरी वास आला आणि पोटात काहीतरी हललं. मी सवयीनं वाडगं जवळ ओढलं. वाडग्यावर वाकून बसले, पण काही येईना. मग कळलं, ही भूक आहे. दोन महिन्यांत तिची माझी गाठ नव्हती, म्हणून ओळखायला वेळ लागला.

पण जायचं कसं? ज्यांना आपण धान्य देतो त्यांच्यापुढं ताटली धरायची नसते. त्यात मी कालच तिला हाकललेलं. पोटातलं पोर जाईल की राहील हे ठाऊक नाही, आणि ही महामाया मानापमानाचा विचार करत बसलेली! शेवटी मी परसाकडला न्यायचं टमरेल उचललं. टमरेल हातात असलेल्या बाईला कुठं चाललीस असं कुणी विचारत नाही.

लिंबाखाली बाई पातेल्यात काहीतरी ढवळत होती. तिनं वर बघितलं, टमरेलाकडं बघितलं.

‘रान तर तिकडं हाय. इकडं काय वास घ्यायला आलीस व्हय?’

मला रडूच आलं. भूक लागली एवढंच कसंबसं म्हणाले. ती म्हणाली, ‘बस मग.’

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीत तिनं कण्या ओतल्या. दूध इतकं दाट होतं की पळीवरून खाली यायला वेळ घेत होतं. ज्वारीचा एकेक कण फुगून मोत्यासारखा झालेला, वर दुधातल्याच तुपाचा तवंग. मी बोटांनी एक घास घेतला आणि गिळून वाट बघत बसले. तीही ढवळायचं थांबून वाट बघत होती. काही झालं नाही. दुसरा घेतला. घास खाली उतरताना, उतरून पोटात टेकताना मला कळत होता. आपल्या अंगात अन्न जाऊन बसतं ही केवढी नवलाची गोष्ट आहे, ते मला तोवर माहीतच नव्हतं. माणसं रोज जेवतात आणि त्यांना काहीच वाटत नाही!

आणि चव. आधी ज्वारी, मग धूर, मग मीठ, मग त्या दुधाचा सायीसारखा जडपणा, आणि अगदी शेवटी घशापाशी काहीतरी हिरवं, ओळखीचं. चौथ्या-पाचव्या घासाला उमगलं. तो आमच्या मागचा माळ होता. हरळी, बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा. ज्याला मी लग्न झाल्यापासून ओसाड म्हणून नाक मुरडत होते, तो अख्खा माळ मेंढरांनी गोळा करून माझ्या ताटलीत आणून ठेवला होता. मी ताटली बोटानं निपटून खाल्ली. मग बसल्या जागी लिंबाला टेकून झोपले, उठले तेव्हा अंगावर घोंगडं होतं.

तीन दिवस मी टमरेल घेऊन जात राहिले. सासूबाईंची चिंता आणखीच वाढली. उलट्या होत्याच, आता सूनबाईंना ढाळ लागले अशी त्यांची समजूत. चौथ्या दिवशी सकाळी बघते तो मेंढपाळाचं घोडं लादणं चाललेलं. आमच्या रानात मेंढरं बसवून झाली होती, कळप पुढच्या गावाला निघाला होता. आता खाणार काय? तेव्हा कुठं मी सासूबाईंपाशी जाऊन सगळं ओकले, या वेळी शब्दांनी. वासाचं, टमरेलाचं, कण्यांचं.

त्या तशाच उठल्या. चपला न घालता रान तुडवत निघाल्या, मी मागं. सासूबाईंनी मामंजींना न विचारता घरातली कोंबडीसुद्धा कधी विकली नव्हती. बांधापलीकडं आमचा हरभरा उभा होता, घाटे भरत आलेला. त्या वर्षीचं सगळं आमचं त्यावरच होतं. त्याच्याकडं हात करून त्या मेंढपाळ बाईला म्हणाल्या,

‘ह्यो हरभरा घाला मेंढरांना. आन् पंधरा दिस ऱ्हावा. माझ्या सुनंला तुमच्या हातचं जातंया.’

बाईचा नवरा मेंढरांच्या कुंपणाची जाळी गुंडाळत होता, तो तसाच थांबला. बाई हरभऱ्याकडं बघत राहिली, मग सासूबाईंकडं.

‘उभ्या पिकात आमी मेंढरं घालत न्हाई, बाई,’ ती म्हणाली. कळपात शिरून तिनं एक मेंढी कानाला धरून बाहेर ओढली. मागच्या पायानं जरा लंगडत होती, पाठोपाठ कोकरू. ‘ही ठिवून जाते. परतताना न्हेईन.’ मग माझ्याकडं वळली. ‘मेंढीला दोन सड असत्यात. एक तुझा, एक कोकराचा. त्याच्या वाट्याला हात लावायचा न्हाई.’

आपल्याला हाकलून लावणाऱ्या पोरीच्या हातात असं कुणी कळपातलं दुभतं जनावर देतं?

दोन दिवस मेंढी रस्त्याकडं तोंड करून ओरडत राहिली. मला धार काढता येईना. तिनं दोनदा चरवी उलटी केली आणि एकदा मला. एका सडाचं दूध म्हणजे जेमतेम अर्धी वाटी. सासूबाई पहाटे मूठभर ज्वारी भरडायच्या, मी कण्या शिजवायची. पहिल्या दिवशी बुडाला लागल्या, त्या बाईच्या हाताची सर काही आली नाही. पण पोटात राहिल्या. दिवसाला एक वाटी, मग दोन. मेंढीला मात्र सासूबाई रोज हरभऱ्याचे डहाळे उपटून घालत होत्या, आणि मामंजी ते बघून न बघितल्यासारखं करत होते.

ती पोटातली पोरगी आता रांजणगावला कंपनीत सुपरवायझर आहे आणि मला हात धुवायला शिकवते. मेंढी बाईनं पावसाळ्याच्या तोंडाला परत नेली. पुढं मी ते दूध पुष्कळदा प्याले. चांगलं असतं, बाकी काही नाही.

एका सकाळी, मेंढी आमच्याकडं येऊन महिना झाला असेल, मी सहज चुलीपाशी बसून सासूबाईंच्या टोपल्यातली अर्धी भाकरी खाल्ली. लसणाच्या चटणीबरोबर. वाट बघितली. काही झालं नाही. सासूबाई पाठमोऱ्या होत्या, पण त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला. मी उठले, चरवी न घेताच गोठ्यात गेले आणि कोकराला सोडलं. ते नेहमीसारखं आपल्या सडाला लागलं. मी त्याचं तोंड धरून दुसऱ्याकडं वळवलं, तर ते थांबून माझ्याकडं बघायला लागलं.

‘पी,’ मी म्हणाले, ‘आता दोन्ही तुझेच.’