छान म्हणजे किती?

आमच्या स्टाफरूममध्ये चहा कधी उरत नाही, किस्से मात्र रोज उरतात. यंदाचे बहुतेक सहावीचे आहेत, कारण आम्ही त्यांचे मार्क बंद केले!

निमित्त केतकीचं. वर्गात पहिली येणारी ही मुलगी चाचणीच्या दिवशी सकाळी पोट धरून बसायची. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीही नाही. शेवटी प्राचार्यांनी मला सहामाहीपर्यंत मुभा दिली. चाचण्या घ्या, पण वहीवर नुसता शेरा लिहा. सहामाहीला मात्र मार्क द्यावेच लागतील, आणि तेव्हा पुन्हा पोट दुखलं तर हे लाड बंद.

* * *

पहिल्याच आठवड्यात केतकीचे पप्पा आले. सांवेर रोडच्या एका कारखान्यात ते माल तपासतात. मी वहीत "निरीक्षण छान" असं लिहिलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, "मॅडमजी, छान म्हणजे अंदाजे किती? आठ पकडू की साडेआठ?"

* * *

मुलं त्यांच्याही पुढची. मधल्या सुट्टीत त्यांनी भाव ठरवून टाकला: उत्तमचे दहा, छानचे आठ, "पुन्हा बघ"चे चार. मीही हट्टाला पेटले आणि प्रत्येकाला चुका समजावून सांगणाऱ्या दोन-तीन ओळी लिहू लागले.

तर त्यांच्यातला हर्ष वही नाचवत इथल्या हिंदीत वर्गभर सांगत सुटला, "भिया, सबसे लंबा शेरा मेरा है!"

* * *

केतकीनं मात्र अभ्यासच सोडला. मार्क नाहीत तर करायचा कशाला, असं तिनं मला सरळ विचारलं. चांगल्या मुलीचं आपण वाटोळं केलं, या विचारानं जीव टांगणीला लागला.

मग बुरशीचा धडा आला. केतकीनं घरी एका डब्यात पाव ठेवला, दुसऱ्यात पोळी, तिसऱ्यात ढोकळा. आता ती शिळं काही टाकूच देत नाही, अशी आईची तक्रार आली. इकडे ती स्टाफरूमच्या दारात उभी, मुरंब्याला बुरशी का येत नाही ते विचारायला. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

* * *

सहामाहीच्या सकाळी तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, केतकीचं पोट दुखतंय."

"मार्क परत आले आणि पोटदुखीही," मी म्हटलं.

"तसलं नाही हो," आई म्हणाली. "काल भावाशी शर्यत लावून गराडूचे तळलेले कंद खाल्ले, बसली आता पोट धरून. घरीच रहा म्हटलं, तर रडतेय."

मागून केतकीचा आवाज आला, "मम्मी, मॅमला बोल ना, पेपर शुरू नका करू, मी येतेच आहे!"