आधी भोक

माझ्या लेकीसाठी पाळणा करताना सुतारकाका प्रत्येक स्क्रूआधी ड्रिलनं बारीक भोक पाडत होते. मला घाई होती. म्हणालो, "स्क्रू करतो की आपली वाट!"

"करतो, पण लाकूड फाडून," काका म्हणाले. तरी शेवटचा स्क्रू मी हट्टानं तसाच पिळायला लावला. 'टच्' असा आवाज आला. चीर दिसली नाही, वर पॉलिशही चढलं.

जागा न करता आत घुसलेल्यालाही लाकूड निमूट धरून ठेवतं. माणसंही धरतात. पण किती दिवस?

आज बारसं. आत्यानं पाळण्याला हलकासा झोका दिला आणि तोच 'टच्' मला पुन्हा ऐकू आला. पाळणा अजून रिकामा होता. आत्या बाळाला घेऊन वाकत होती.