मी रंगेहाथ पकडलेला मासेचोर

चहा ओतलाय, घ्या. आणि हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या, कारण या गाढवपणाच्या शेवटाला मला स्वतःला अजून हसू येत नाही.

मी शाळेत जीवशास्त्राचा मास्तर. बावीस वर्षं अन्नसाखळी शिकवली. कोण कोणाला खातं, ते फळ्यावर बाण काढून दाखवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या रत्नागिरीत नव्हता! हे लक्षात असू द्या.

दोन हजार तीन-चार साल असेल. मुलांना घेऊन मत्स्यालय बघायला गेलो आणि मुलं राहिली बाजूला, त्या रंगीत माशांपायी मीच खुळावलो. घरी काचेची पेटी आणली, बारा गोल्डफिश आणले. पण दिवस लोडशेडिंगचे! वीज गेली की हवेचा पंप बंद, आणि मासे वर येऊन आ वासायचे. शेवटी मी ते विहिरीजवळच्या चिऱ्याच्या दोणीत सोडले. पूर्वी तिच्यात आमची गुरं पाणी प्यायची. त्या काळ्या पाण्यात केशरी मासे असे काही दिसायचे, की मी शाळेतून आलो की चप्पल न काढता आधी तिथे.

आणि दोणीच्या बरोब्बर वर, आमच्या रायवळ आंब्यावर, ब्राह्मणी घारीचं घरटं. पांढरं डोकं, विटकरी पंख. आल्यागेल्या प्रत्येकाला मान वर करायला लावून मी ते दाखवायचो. "समुद्रावरून मासा अलगद उचलते हो! नजर बघा तिची!"

बायको म्हणायची, "नाव ब्राह्मणी आणि रोज मासे. बरी सोवळी!"

हसलात ना? म्हणजे तुम्हाला कळलं. मला नाही कळलं.

बाराचे अकरा झाले. मग नऊ. मी मांजराला हाकललं, दोणीभोवती करवंदीच्या काटेरी फांद्या रचल्या. सात राहिले. मग धामणीवर संशय. पाच!

आमचा शेजारी गजाभाऊ. तांडेल, म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. वीस वर्षांचा शेजार, मध्ये फक्त एक कंबरेएवढा दगडी गडगा. संध्याकाळचा चहा एक दिवस त्याच्या ओटीवर, एक दिवस माझ्या. गणपतीत आमच्या आरतीला ढोलकी त्याची. तो नाही वाजवायला बसला तर आमची आरती पुढे सरकायची नाही.

तर एका सकाळी तोंडात ब्रश घेऊन मी परसात गेलो. बघतो तो काय? गजाभाऊ दोणीवर वाकलेला आणि हातात जाळं!

"गजाभाऊ!"

"मास्तर, बरं जालं आलात. मी काय म्हनतो..."

"तुम्ही काय म्हणणार? बंदरावरची सुरमई संपली वाटतं!"

"अवो, जरा ऐका तरी..."

"ऐकायचं काय त्यात? जाळं हातात आहे की!"

तोंडातून फेस उडतोय, गडग्याशी दूधवाला किटली घेऊन उभा, पण मी थांबतोय कुठला! गजाभाऊनं माझ्याकडे बघितलं, मग वर आंब्याकडे बघितलं. जाळं दोणीच्या काठावर ठेवलं आणि गडगा ओलांडून गेला. मला वाटलं, शरमेनं नजर चुकवतोय.

बायको म्हणाली, "अहो, ज्याच्या होडीतून टोपल्या भरभरून मासळी उतरते, तो तुमचे अंगठ्याएवढे मासे कशाला चोरेल?"

मी म्हणालो, "मासा दिसला की हात शिवशिवतात या लोकांचे."

हे मी बोललो. मास्तर असून! आठवलं की आजही जीभ हासडावीशी वाटते.

जाळं मी ओटीवर खुंटीला टांगलं. मुद्देमाल! शाळेत शिक्षकांच्या खोलीत किस्सा रंगवून सांगितला, गजाभाऊची दचकलेली मान सुद्धा करून दाखवली. तो दचकला नव्हता, पण गोष्टीला रंग नको? दूधवाल्यानं त्याच्या परीनं घरोघर वाटली. चार दिवसांत बंदरावर पोरसवदा खलाशी त्या तांडेलाला विचारू लागले, "काय तांडेल, आज केशरी मासा गावला काय?"

पुढच्या आठवड्यात मी नववीचा वर्ग घरटं दाखवायला घरी आणला. मुलं आंब्याखाली, मी छडी वर करून बोलतोय, "ही घार पाण्याच्या पृष्ठभागावरचे मासे..." आणि डोक्यावरून सावली गेली. घार दोणीवर उतरली, उठली, घरट्यावर जाऊन बसली.

"सर, तिच्या पायात काहीतरी केशरी आहे!"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

मुलं गेल्यावर जाळ्याची घडी करून गजाभाऊकडे गेलो. तो ओटीवर बसला होता.

"गजाभाऊ, घार होती हो!"

"ठाव हाय मना."

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोलाय दिलात काय तुमी? तीन दिस बगत होतो तिला. म्हटलं, जुना जाळा हाय, दोनीवर बांदून देतो. मास्तरांचे मासे वाचतील."

"चुकलो मी. हे जाळं..."

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. मना जाळी कमी नायत."

चहा न घेता त्या ओटीवरून उठायची ती माझी पहिली वेळ.

मग मी कंबर कसली. ज्याला ज्याला पहिली गोष्ट सांगितली होती, त्याला त्याला गाठून खरं सांगितलं. दूधवाल्याला म्हटलं, "चोर घार होती रे, गजाभाऊ जाळं बांधायला आला होता."

त्यानं डोळा मिचकावला. "बरोबर हाय मास्तर. शेजाऱ्याची अब्रू राखावी मानसानं."

शाळेतही तेच. मी जितका कळवळून सांगायचो, तितके ते माना डोलवायचे. शिक्षकदिनाला तर मुख्याध्यापकांनी भाषणातच सांगितलं, चोराला पाठीशी घालणारं मन कसं असतं ते आमच्या मास्तरांकडे बघून शिका! टाळ्यांचा कडकडाट. बंदरावर ही बातमी पोचायला संध्याकाळ सुद्धा लागली नाही.

त्या वर्षी गणपतीत आमच्या आरतीला ढोलकी नव्हती. नुसत्या टाळ्यांवर भागवलं. टाळ्या काय, मला मिळतातच!