मागची खोली

मेडिकलच्या दुकानात कापसाचं बंडल दिसलं, की मला वर्धा रोडला लागून असलेलं आमचं भाड्याचं घर आठवतं. ताई नर्स होती, रात्रपाळी करून यायची आणि दिवसा रस्त्याकडच्या खोलीत झोपायची. मागची शांत खोली मी परीक्षेच्या अभ्यासासाठी घेतली होती. एका दुपारी मी लायब्ररीतून लवकर परतलो, तर ताई न्हाणीघरासमोर, नुसत्या फरशीवर, कानात कापूस कोंबून पडली होती. तिच्या खोलीत ट्रकच्या हॉर्नने खिडकीची काच थरथरत होती, अंथरुणावर धूळ बसली होती. “काहून वं ताई, इथं झोपली?” “इथं आवाज कमी येते गा.” “माही खोली रिकामीच होती ना!” “तू मधातच आला असता तं तुहा अभ्यास बुडला असता,” ती डोळे न उघडता म्हणाली. “उद्यापासून तूच तिथं झोप,” मी म्हणालो खरा. पण दुसऱ्या दिवशी मीच दार लावून पुस्तकं उघडली, आणि ताई पुन्हा कानात कापूस घालून न्हाणीघरासमोर आडवी झाली. वर्षभरात तिला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. मी पास झालो, पेढे तिनेच वाटले. आता ती नोकरी सोडून कुहीला, भाऊजींसोबत शेताजवळच्या घरात राहते. तिथल्या शांततेतही तिचा डोळा लागत नाही, असं भाऊजी सांगतात; मी फोनवर विचारलं, की ती म्हणते, “झोपतो ना गा, मस्त झोपतो.”